चढावर जोर लावला की ब्रेक का घासतो?

सायकलीविषयीच्या या सदराला यंदा आलेली बरीच पत्रं एकाच तक्रारीभोवती फिरतात : चाक हातानं फिरवलं तर सरळ, पण बसून-उठून जोर लावला की ब्रेक घासतो. म्हणून या अंकात तेवढ्याच विषयाची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझी गिअरची सायकल आहे. ७००-सी चाकं, कॅलिपर ब्रेक, मागच्या चाकाला ३२ आरे. सपाटीवर काही त्रास नाही. दौलताबादच्या घाटात किंवा म्हैसमाळच्या चढावर सीटवरून उठून पायडल हाणलं की मागून ‘सुर्र-सुर्र’ असा घासल्याचा आवाज येतो. चाक उचलून फिरवलं तर एकदम सरळ. दुकानदार म्हणतो, रिम कमजोर आहे, चाकच बदला. माझं वजन ८२ किलो. बदलू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इतक्यात नको. चाक बदलणं हा या यादीतला शेवटचा आणि सगळ्यांत महागडा उपाय आहे. त्याआधी तपासायच्या गोष्टींना एक खडू, दोन पाने (स्पॅनर) आणि अर्धा तास लागतो.

आधी हे होतं कसं ते पाहू. उभं राहून उजवा पाय दाबला की सायकल डावीकडे कलते. जमीन मात्र चाकाला सरळ वरच रेटत असते. कललेल्या चाकाच्या दृष्टीनं या रेट्याचा थोडा हिस्सा आडवा होतो आणि चाकाच्या तळाला उजवीकडे ढकलतो. मागच्या चाकावर ६० किलो भार असेल आणि सायकल दहा अंश कललेली असेल, तर हा आडवा रेटा साधारण १० किलोचा भरतो. पायडल हाणताना तो क्षणभर याहूनही वाढतो. धडधाकट चाकसुद्धा एवढ्या रेट्यानं तळाशी दोनेक मिलिमीटर सरकतं. रिम ही एक अखंड कडी आहे. त्यामुळं तळ उजवीकडे गेला की माथा थोडा डावीकडे जातो, आणि मागचा ब्रेक नेमका माथ्याजवळ बसलेला असतो. रबर आणि रिममध्ये एक मिलिमीटरसुद्धा जागा नसेल, तर चाकात काहीही दोष नसताना ब्रेक घासेल.

म्हणजे प्रश्न असा : तुमचं चाक जेवढं हलायला हवं तेवढंच हलतंय, की कुठलातरी ढिला भाग त्यात भर घालतोय?

पहिली परीक्षा कानाची. आवाज कशाच्या तालावर येतो ते मोजा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर चाकाला आउट आहे, म्हणजे रिम एका जागी वाकडी झालीय, किंवा रिमला ठोका बसलाय. पायडलच्या तालावर, म्हणजे प्रत्येक पायाच्या दाबाला येत असेल तर जोरामुळं काहीतरी सरकतंय. यात एक मेख आहे. घाटात हलका गिअर असतो. पुढं ३४ आणि मागं २८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम सव्वा वेळा फिरतं, आणि दोन्ही ताल कानाला जवळपास सारखेच लागतात. म्हणून ही परीक्षा घाटात घेऊ नका. सपाट मोकळ्या रस्त्यावर जड गिअर टाका. पुढं ४८, मागं १६ असेल तर पायडलच्या एका फेऱ्याला चाक तीनदा फिरतं. आता उभं राहून जोर लावा. एका फेऱ्याला तीन ‘सुर्र’ आले तर आउट, एक किंवा दोन आले तर जोराचा दोष. मग पायडल मारणं थांबवून सायकल नुसती पळू द्या. तरीही आवाज चालूच राहिला तर जोराचा काही संबंध नाही, आधी आउट काढून घ्या.

दुसरी परीक्षा खडूची. शाळेतला पांढरा खडू रिमच्या दोन्ही बाजूंना, जिथं रबर लागतं तिथं, गोल फिरवून लावा. मागचा ब्रेक न दाबता पाचपन्नास मीटर जोरात चालवा आणि उतरून बघा. खडू एकाच जागी पुसला गेला असेल तर त्या जागी आउट आहे. पूर्ण घेऱ्यात दोन्ही बाजूंनी तुटक-तुटक पुसला असेल तर चाक खरंच दोन्हीकडे झुलतंय. पूर्ण घेरा पण एकाच बाजूला पुसला असेल तर ब्रेक किंवा चाक मध्यावर नाही, आणि हा सर्वांत स्वस्तात सुटणारा प्रकार आहे. चाक काढून उलटं बसवा (चेन लावायची गरज नाही). उलटं केल्यावर कमी जागा दुसऱ्या बाजूला गेली तर दोष चाकाचा, रिम हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यावर नाही. त्याच बाजूला राहिली तर दोष ब्रेकचा किंवा फ्रेमचा.

आता हात लावा. सायकल उभी करून ब्रेकजवळ एका हातानं फ्रेमची नळी आणि दुसऱ्या हातानं रिम धरा, आणि रिम डावी-उजवीकडे हलवा. दोन गोष्टी वेगवेगळ्या जाणवतात, आणि त्यांतला फरक बोटांना कळला की निम्मं निदान झालंच. रिम हळूहळू दबत जाते आणि सोडली की परत येते, तर तो चाकाचा लवचिकपणा. रिम आधी अलगद, काहीही विरोध न करता, ‘खट्’ करून सरकते आणि मग दबायला लागते, तर ती ‘खट्’ म्हणजे हबमधला ढिलेपणा. चाक पाव फेरा फिरवून पुन्हा करा. खट् प्रत्येक जागी सारखीच असेल तर कोन (हबमधल्या छर्ऱ्यांना दोन्हीकडून धरणारे एक्सलवरचे नट) ढिले आहेत.

कोन आवळायला मागच्या हबला बहुधा १५ चा पातळ कोन-पाना आणि १७ चा साधा पाना लागतो. काम फ्रीव्हीलच्या विरुद्ध, म्हणजे डाव्या बाजूनं करायचं. लॉकनट सोडा, कोन एका वेळी अष्टमांश फेराच आवळा, लॉकनट घट्ट करा, तपासा. क्विक रिलीजचं (पान्याऐवजी दांडी पलटून बसवायचं) चाक असेल तर बाहेर असताना अगदी नाममात्र ढिलेपणा ठेवावा लागतो, कारण क्विक रिलीज बंद केला की एक्सल किंचित दबतो आणि तो ढिलेपणा आपोआप जातो. बाहेरच तंतोतंत आवळलं तर सायकलवर चढवल्यावर छर्रे कचकच करत फिरतात आणि हजारभर किलोमीटरमध्ये कोनाला खड्डे पडतात. कोन उघडलेच आहेत तर छर्रे मोजून घ्या. मागं बहुतेक पाव इंची, एका बाजूला ९. सीलबंद बेअरिंगचं हब असेल तर आवळण्यासारखं काही नसतं, झिजलं की बदलायचं. त्यावर नंबर छापलेला असतो, ६००१ किंवा ६९०२ असा काहीतरी. तो नंबर घेऊन विहिरीच्या मोटारींची बेअरिंगं विकणाऱ्या दुकानात आधी चौकशी करा.

इथं एक दगाबाज प्रकार सांगायलाच हवा. मागं चुडीवर फिरवून बसवायचं सात चकत्यांचं (दातेरी चक्रांचं) फ्रीव्हील असेल, तर त्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत असतात आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना बाहेर राहतो. खड्ड्यातून वजनासकट आदळलं की हा एक्सल उजवीकडे मोडतो. पण क्विक रिलीजचा दांडा आतून गेलेला असल्यामुळं दोन्ही तुकडे जागच्या जागी धरून राहतात. चाक फिरतं, सायकल चालते, फक्त जोर लावला की मागचं चाक वेडंवाकडं सरकतं आणि ब्रेक घासतो. आउट काढून काढून माणूस थकतो, कारण आउट नसतोच. ओळखायचं सोपं आहे : चाक काढा, क्विक रिलीजचा दांडा पूर्ण ओढून घ्या आणि एक्सलची दोन्ही टोकं बोटांनी ओढा. मोडलेला असेल तर उजवीकडचा तुकडा हातात येतो. भेगेचा अर्धा भाग गंजून काळपट आणि अर्धा चकचकीत दिसला तर समजा, तो बऱ्याच दिवसांपासून मोडत आला होता.

क्विक रिलीज नीट बंद होतोय का तेही बघा. दांडी बंद करताना ती एक्सलच्या रेषेत, म्हणजे निम्म्या वाटेवर आली की विरोध लागायला हवा, आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर तिचा वळ उमटायला हवा. पंख्याच्या नटासारखा गोल-गोल फिरवून आवळणारे अजून खूप आहेत. तो आवळायचा नसतो, पलटायचा असतो.

हे सगळं ठीक निघालं तर आऱ्यांकडे वळा. शेजारच्या दोन समांतर आऱ्यांची जोडी मुठीत धरून दाबा, असं पूर्ण चाकभर करा. मागच्या गिअरच्या चाकात उजवे आरे घट्ट आणि डावे त्यांच्या मानानं बरेच सैल असतात. तो दोष नाही. चकत्यांना जागा करण्यासाठी हबची उजवी कडा मध्यापासून साधारण १८-२० मिलिमीटरवर असते, डावी ३५ च्या आसपास, म्हणून ताण वाटून असा येतो. एका बाजूचे आरे मात्र आपसांत सारखे हवेत. बोटानं छेडले तर त्या बाजूचा सूर साधारण एक लागायला हवा. मध्येच एखादा ‘भद्द’ वाजला तर तोच गुन्हेगार. निपलजवळ (निपल म्हणजे आऱ्याला रिममध्ये धरणारा लहान नट) रिमला बारीक भेगा पडल्यात का हेही याच वेळी बघून घ्या. भेग असेल तर मात्र दुकानदाराचं बरोबर, रिम बदलावीच लागेल.

आणि काहीच सापडलं नाही तर? मग ब्रेकच्या रबरांना दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर जागा द्या आणि म्हैसमाळ गाठा. लिव्हर थोडा जास्त आत येईल. तो हँडलला टेकत नाही तोवर त्यात कमीपणा काही नाही. रबर रिमला चिकटवून ठेवण्याची आपल्याकडं जी हौस आहे, तिच्यातून निम्म्या तक्रारी जन्मतात.

एक सूचना : यातल्या कुठल्याही परीक्षेसाठी मागचा ब्रेक उघडा ठेवून घाटात उतरू नका.

प्रश्न : हाच त्रास होता म्हणून मी मागची साधी रिम काढून चांगली उंच कडेची, जाड रिम टाकली. हब तेच, आरे मात्र ३२ चे २४. आता ब्रेक आधीपेक्षा जास्त घासायलाय! रिम तर दगडासारखी कडक आहे. मग हे कसं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : रिम कडक आहे म्हणूनच. वाचायला उलटं वाटतं, पण नरम रिम असेल तर आडव्या रेट्यानं ती तळाशीच, जमिनीजवळच्या चार-सहा आऱ्यांपुरती वाकते. वर ब्रेकपाशी त्याची खबर पोचत नाही. कडक रिम अशी एका जागी वाकत नाही. ती आख्खीच्या आख्खी ताटासारखी कलते. तळ इकडे, तर माथा तिकडे, आणि माथ्यावर ब्रेक बसलाय. त्यात तुम्ही आरे ३२ चे २४ केले. ताट कडक झालं आणि त्याला धरून ठेवणारे हात कमी झाले.

हबला ३२ भोकं असताना २४ आरे लावलेत, म्हणजे काही भोकं रिकामी सोडून जमवलेलं दिसतं. हे आधी सुधारा. जेवढी भोकं हबला, तेवढीच रिमला. तुमच्या वजनाला आणि रस्त्याला मागं ३२ किंवा ३६ आरे, तीन-क्रॉस विणकाम (प्रत्येक आरा दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो), उजवीकडे २ मिमीचे म्हणजे १४ गेजचे आरे घ्या. गेज कमी केला तर काय होतं ते आकड्यात बघा : १.८ मिमीचा आरा २ मिमीच्या आऱ्यापेक्षा जाडीनं फक्त दोन दशांश मिमी कमी, पण त्याचा छेद जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी भरतो, आणि तेवढ्याच ओढीला तो जवळपास पाव हिश्श्यानं जास्त ताणला जातो.

रिम विकली गेली नसेल तर जुनी परत लावा.

प्रश्न : मी सायकली दुरुस्त करतो. गिऱ्हाईक म्हणतं चाक डुलतंय, तर मी सगळ्या तारा (आरे) एकेक फेरा आवळून देतो. चाक कडक होतं असं माझं मत, मुलगा म्हणतो काही फरक पडत नाही. खरं काय?
— एक वाचक, गेवराई (बीड)

उत्तर : दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे.

स्प्रिंगचा तराजू घ्या. त्याला आधीच पाच किलो टांगलेलं असो की दहा, आणखी एक किलो अडकवलं तर काटा सारखाच सरकतो. आऱ्याचंही तसंच. तो ताणलेला आहे तोवर ८० किलो ताण असो की १२०, आडव्या रेट्याला तो सारखाच विरोध करतो. त्यामुळं मुलाचं म्हणणं बरोबर. पण तराजूचा काटा शून्यावर आला की पुढं काहीच मोजता येत नाही. आऱ्याचा ताण शून्यावर आला की तो चाकात असून नसल्यासारखा, हजेरी लावून बांधावर झोपलेला गडी. मागच्या चाकात डावे आरे आधीच कमी ताणाचे असतात. जड माणूस खड्ड्यात आदळला किंवा उभ्यानं जोर लावला की आधी तेच सैल पडतात, आणि त्या क्षणापुरतं चाक निम्म्या आऱ्यांवर उभं असतं. तेव्हा सैल चाक आवळलं तर फरक पडतो, आणि तुमचंही बरोबर. घट्ट असलेलं आणखी आवळून मात्र हाती काही लागत नाही, उलट निपलपाशी रिम फाटते.

एकेक पूर्ण फेरा मात्र जास्त होतो. २ मिमीच्या आऱ्याची चुडी इंचाला ५६ वळशांची असते. एक फेरा म्हणजे जवळजवळ ०.४५ मिमी. ३६ आऱ्यांवर एकदम एवढा ताण चढवला तर चाक पापडासारखं वाकडं होऊ शकतं. निपलच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब सोडा, व्हॉल्वपासून सुरुवात करून पाव-पाव फेरा द्या, पूर्ण चक्कर झाली की बघा. टायरच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं आवळतं. चाक सायकलवर असताना वरून वाकून खालचे निपल फिरवणारा नवखा पोरगा इथंच फसतो आणि उलट फिरवतो. पातळ आरे निपलबरोबर पिळले जातात, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं पुढं फिरवून तेवढंच मागं घ्या. नाहीतर पहिल्या किलोमीटरला ‘टिक-टिक’ करत पीळ सुटतो आणि आउट परत येतो. प्रत्येक चक्करीनंतर समांतर जोड्या मुठीत जोरानं दाबा, म्हणजे आरे हबच्या कडेला नीट बसतात. मागं उजवीकडचा ताण १०० ते १२० किलोच्या दरम्यान चांगला, रिमवर कमी मर्यादा लिहिली असेल तर ती पाळायची. ताण मोजायचं मीटर नसेल तर त्याच प्रकारच्या, चांगल्या चाललेल्या चाकाशी सूर जुळवून बघा. आडवा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की थांबा.

प्रश्न : आमची जुनी काळी २८ इंची सायकल आहे, दांड्यांचा ब्रेक. उन्हाळ्यात टाकीवरून पाणी आणावं लागतं. कॅरिअरला दोन्हीकडं वीस-वीस लिटरचे कॅन अडकवून चढावर निघालं की मागचं चाक डुलायलंय आणि खालून घासल्याचा आवाज यायलाय. ब्रेक सोडूनच टाकावा का?
— एक वाचक, औसा तालुका (लातूर)

उत्तर : चाळीस किलो पाणी मागं असताना ब्रेक सोडायचा विचारसुद्धा नको.

या सायकलीचा ब्रेक वेगळ्या जातीचा आहे. त्याची रबरं रिमला बाजूनं धरत नाहीत, आतून, म्हणजे हबच्या बाजूनं वर येऊन दाबतात. त्यामुळं आडवा आउट या ब्रेकला बराच चालतो. वर-खालचा आउट, म्हणजे रिम अंडाकृती झालेली, मुळीच चालत नाही. चाक उचलून फिरवा आणि रबर व रिम यांच्यातली जागा बघा. ती कमी-जास्त होत असेल तर तिथले आरे बघावे लागतील. शिवाय ही चाकं मुळात मजबूत : मागं ४० आरे, पुढं ३२. ती सहजी झुलत नाहीत. म्हणून तुमच्या पत्रावरून संशय चाकावर कमी आणि एक्सलवर जास्त येतो.

या फ्रेममध्ये मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती आडवी असते, चेन ताणता यावी म्हणून. उजवा नट जरा ढिला असेल तर चढावर चेन एक्सलचं उजवं टोक पुढं ओढते, चाक तिरपं होतं, आणि टायरची पुढची कड डावीकडच्या नळीला लागते. पायडलच्या मागं, डाव्या नळीच्या आतल्या अंगाला बोट फिरवा. रंग उडून पत्रा चकचकीत झाला असेल किंवा रबराची काळी भुकटी लागली तर आवाज ब्रेकचा नाहीच, टायरचा आहे. उजव्या नटाखाली खाचेवर नवा ओरखडा दिसला तरी तेच. उपाय : चाक मध्यावर घ्या, दातेरी वायसर झिजलेला असेल तर बदला, दोन्ही नट लांब दांड्याच्या पान्यानं चांगले आवळा आणि चेन ताणायचा बोल्ट दोन्ही बाजूंना लावा. कोनांचा ढिलेपणा मघाशी सांगितल्यासारखा तपासा.

डुलण्याचं म्हणाल तर बरंचसं कॅरिअर आणि पाणी डुलतंय. अर्धा भरलेला कॅन सर्वांत वाईट, कारण आत पाणी हेलकावे खातं आणि प्रत्येक पायाला सायकलीला उलट धक्का देतं. काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावा. कॅन जितके खाली अडकतील तितकं बरं, आणि दोन्ही एका दोरीनं कॅरिअरखालून एकमेकांना ओढून बांधा. कॅरिअरचे खालचे दोन नट एक्सलवर असतात. ते ढिले असले की सगळा डोलारा हलतो.

आणि ओझं असताना चढावर उभं राहून पायडल मारू नका. उतरून ढकलण्यात कुठं आलाय कमीपणा!

प्रश्न : डिस्क ब्रेकची सायकल आहे, तारेवर चालणारा ब्रेक, १६० ची डिस्क. माहूरच्या चढावर प्रत्येक पायाला पुढून ‘टिंग-टिंग’ येतं. आरे आवळून घेतले, फरक नाही.
— एक वाचक, किनवट (नांदेड)

उत्तर : पडणारही नाही. डिस्क हबला बसलेली असते, रिमला नाही. रिम कितीही झुलली तरी ते झुलणं डिस्कपर्यंत पोचत नाही. इथं संशयित तीनच : ढिला क्विक रिलीज, हबचा ढिलेपणा, आणि जोरानं पिळला जाणारा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. पहिले दोन तपासून झाले की तिसऱ्याला जागा देणं एवढाच उपाय उरतो.

तारेच्या बहुतेक स्वस्त ब्रेकांत फक्त बाहेरचं पॅड हलतं, आतलं स्थिर असतं. दाबल्यावर बाहेरचं पॅड डिस्कला वाकवून आतल्यावर नेऊन टेकवतं. म्हणून आतल्या पॅडची जागा नेमकी हवी. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा. डिस्क आणि आतलं पॅड यांच्यामध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीनं आवळा (टॉर्क पाना असेल तर ६ ते ८ न्यूटन-मीटर), कार्ड काढा. कार्डाच्या जाडीची, पावएक मिलिमीटरची जागा राहते. बाहेरच्या पॅडला तारेच्या ॲडजस्टरनं तेवढीच जागा द्या. आवाज चाकाच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर मात्र डिस्क वाकलीय. जिथं लागते तिथं मार्करनं खूण करा आणि स्वच्छ कपड्यानं धरून हलकेच सरळ करा. हाताचं तेल लागू देऊ नका. नवी डिस्क बहुधा १.८ मिमी जाड असते. १.५ च्या खाली गेली असेल तर सरळ करत बसू नका, बदला.

प्रश्न : मुलीची शाळेची सायकल, गिअर नाही, चेनकव्हर आहे. उजवा पाय खाली गेला की दर वेळी एकदाच ‘खर्र’ वाजतं. दुकानात दोनदा ब्रेक सैल करून दिला.
— एक पालक, परभणी

उत्तर : ब्रेक पुन्हा घट्ट करून घ्या, त्याचा दोष नाही. फेऱ्याला एकदाच आणि फक्त उजव्या पायाला वाजणारा आवाज बहुधा पायडलच्या चक्राचा चेनकव्हरला घासल्याचा असतो. दोन्ही क्रँक धरून आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर बीबीचा (क्रँकच्या मधल्या एक्सलच्या बेअरिंगचा) कप ढिला आहे. एकच हलला तर त्याची कॉटर पिन (क्रँकला एक्सलवर धरणारी खीळ) किंवा बोल्ट ढिला आहे. काहीच हलत नसेल तर चेनकव्हर हातानं दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवलं तरी भागतं. कॉटर पिन मात्र ढिली निघाली तर नवीनच टाका, ठोकून बसवलेली जुनी आठवड्याभरात पुन्हा हलते.

प्रश्न : पावसाळ्यात शेतातून आल्यावर दोन्ही ब्रेक घासतात, उन्हाळ्यात काहीच नाही. चाक पाण्यानं फुगतं का?
— एक वाचक, वसमत (हिंगोली)

उत्तर : चाक फुगत नाही, काळी माती फुगते. ती टायरवरून ब्रेक आणि मडगार्डच्या सांदीत जाऊन बसते आणि वाळली की विटेसारखी होते. ओली असतानाच काडीनं काढा आणि साध्या पाण्यानं धुवा, पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका, आतलं ग्रीस जातं. रबरांत अडकलेले वाळूचे कण सुईनं उकरून काढा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या रिमला ते करवतीसारखे कापतात. रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरा. मध्ये पोकळ खळगा दिसला तर रिम झिजलीय, आणि ती जोरात हवा भरतानाही फुटू शकते. पावसाळ्यापुरती मडगार्डाची जागा बोटभर वाढवून ठेवा.